सहीचा लॅपटॉप

महिन्याची २० तारीख जवळ आली की मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये कपाटातून एक जुना लॅपटॉप बाहेर निघतो. इतर टेबलांवर उबुंटू, डेबियन, फेडोरा, म्हणजे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची वितरणं. या एकावर विंडोज. त्याच्यावर कोडची एक ओळही लिहिली जात नाही. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन (पेनड्राइव्हसारखं छोटं उपकरण) लावायचं, जीएसटीचं ३बी हे मासिक विवरणपत्र भरायचं, एखादी निविदा चढवायची, की लॅपटॉप परत कपाटात. आपण त्याला सहीचा लॅपटॉप म्हणू.

प्रोग्रामर आपली आवडती ऑपरेटिंग सिस्टीम का सोडतात यावर बोलणं निघालं की गाडी कर्नल (सिस्टीमचा गाभा), डेस्कटॉप आणि पॅकेज मॅनेजरवर (प्रोग्राम बसवणारी सोय) जाते. माझं म्हणणं असं की आपल्याकडे लिनक्स सुटायला सुरुवात होते ती या कपाटातल्या लॅपटॉपपासून. कोड लिहिण्याच्या मुख्य कामात लिनक्स अडत नाही. ज्या सर्व्हरवर तो कोड चालणार तो बहुधा लिनक्सचाच असतो, कंटेनर, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या गरजांसह चालवणारे बंदिस्त डबे, तर लिनक्सच्या कर्नलवरच उभे आहेत. अडतं ते कामाच्या काठावर: सही करताना, अर्ज भरताना, दुसऱ्याने पाठवलेली फाइल उघडताना. या काठांपैकी बराच भाग सरकारी पोर्टलांचा आणि सरकारी कागदांचा आहे, म्हणजे तो आपल्या पैशातून उभा राहिला आहे. म्हणून 'ज्याची त्याची आवड' म्हणून हा विषय सोडून देणं मला पटत नाही.

सहीचं नेमकं काय अडतं ते जवळून बघायला हवं, कारण 'लिनक्सवर टोकन चालत नाही' हे वाक्य अर्धंच खरं आहे. टोकनमध्ये सहीची खासगी किल्ली असते. ती बाहेर काढता येत नाही. सही टोकनच्या आतच होते. ब्राउझरला टोकनशी थेट बोलण्याची मुभा नाही. पूर्वी हे काम इंटरनेट एक्स्प्लोररमधलं अ‍ॅक्टिव्हएक्स किंवा जावा अ‍ॅपलेट करायचं. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये तसल्या प्लगइनांचा आधार काढून घेतला. तेव्हापासून पोर्टलं एक छोटा मदतनीस प्रोग्राम देतात. तो आपल्याच मशीनवर, १२७.०.०.१ या पत्त्यावर, ठरावीक पोर्टला कान लावून बसतो. पोर्टलचं पान त्याला मजकूर देतं, तो पिन मागतो, टोकनकडून सही करून घेतो आणि पानाला परत देतो.

लिनक्सवर ही साखळी कुठे तुटते? यूएसबीपाशी सहसा नाही. जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या एलएसयूएसबी या आज्ञेच्या यादीत टोकन दिसतं. त्यानंतर पीसीएससीडी ही स्मार्टकार्डची सेवा चालू असावी लागते. तिचं पॅकेज घातलं म्हणजे ती चालू आहे असं नाही. सिस्टीमसीटीएल या आज्ञेने खात्री करून घ्यावी. मग हवी टोकन बनवणाऱ्याची पीकेसीएस-११ लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला टोकनशी बोलू देणारी एक .एसओ फाइल. विंडोजचा इन्स्टॉलर विक्रेता हातात देतो, लिनक्सची फाइल मात्र शोधावी लागते. ती सापडली आणि ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.१ आवृत्तीला बांधलेली निघाली, तर उबुंटू २२.०४ पासून पुढे ती उघडतच नाही, कारण तिथे ओपनएसएसएल ३ आहे. लायब्ररी धड आहे का हे ब्राउझरच्या बाहेरच तपासावं: ओपनएससी या स्मार्टकार्डच्या मुक्त साधनसंचातलं पीकेसीएस११-टूल घ्यायचं, त्याला .एसओ फाइलचा मार्ग द्यायचा आणि स्लॉटांची यादी मागायची. यादीत टोकनचं नाव आलं की इथवरचं सगळं ठीक.

खरी मेख पुढे आहे. पोर्टल सुरक्षित जोडणीवर चालतं, त्यामुळे मदतनीसालाही सुरक्षित जोडणीवरच बोलावं लागतं. त्यासाठी इन्स्टॉलर एक प्रमाणपत्र मशीनच्या विश्वासू यादीत घालतो. विंडोजवर हे एका जागी होतं. लिनक्सवर प्रमाणपत्र सिस्टीमच्या यादीत गेलं तरी क्रोम बघतो ती वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधली एनएसएस या सुरक्षा-लायब्ररीची छोटी डेटाबेस, आणि फायरफॉक्सची प्रोफाइलमधली यादी निराळीच. मग होतं असं, की मदतनीस व्यवस्थित चालू असतो, टोकन लागलेलं असतं, आणि तरी पोर्टल 'घटक सापडला नाही, डाउनलोड करा' हेच सांगत राहतं. माणूस तीन वेळा डाउनलोड करतो, तीन वेळा इन्स्टॉल करतो. दोष मात्र प्रमाणपत्राच्या यादीत असतो. सर्टयूटिल या आज्ञेने ते प्रमाणपत्र एनएसएसमध्ये टाकलं की सही होते. जिथे लायब्ररी थेट फायरफॉक्सलाच जोडावी लागते तिथे आणखी एक अडचण: उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त प्रकारच्या पॅकेजमधून येतो, आणि स्नॅपच्या कुंपणातून बाहेरची .एसओ फाइल त्याला दिसत नाही. स्नॅप काढून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातलं डेब (उबुंटूचं नेहमीचं) पॅकेज घातलं की हे सुटतं.

म्हणजे जमतं. पण जाणकाराचा अर्धा दिवस जातो, आणि पुढच्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा जाण्याची शक्यता असते. समोर तारीख असते. ३बीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये. कंपनीचे वार्षिक फॉर्म चुकले की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, त्याला कमाल मर्यादाही नाही. एकल मालकीचा व्यवसाय असेल तर जीएसटी ओटीपीवर भरता येतो, टोकनचं नाव काढावं लागत नाही. पण तोच प्रोग्रामर दोन मित्रांबरोबर प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी काढतो त्या दिवशी टोकन सक्तीचं होतं, आणि टोकनच्या मागोमाग विंडोज घरात येतं. धंदा वाढण्याची पहिली पायरी आणि लिनक्स सुटण्याची पहिली पायरी एकच निघावी, हे मला अस्वस्थ करतं.

कारण सहीचा लॅपटॉप कपाटात राहत नाही. मुंबईत दोन मशीन बाळगणं कोणाला परवडतं? वन बीएचकेमध्ये जेवणाच्या टेबलावरच काम चालतं. डोंबिवलीहून किंवा विरारहून सकाळची लोकल पकडणाऱ्याच्या पाठीवर दोन लॅपटॉप बसत नाहीत. मग हिशोब सरळ होतो: विंडोजवर टोकन चालतं आणि डब्ल्यूएसएल या विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या सोयीत लिनक्सही मिळतं, मग एकच मशीन ठेवू. हा हिशोब मूर्खपणाचा नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल आहे, आणि रोजचं बरंचसं काम त्यात निभावतं. त्याचे काच नंतर कळतात. प्रकल्प सी ड्राइव्हवर ठेवून डब्ल्यूएसएलमधून उघडला की गिट आणि एनपीएम ही कोड सांभाळण्याची रोजची साधनं रांगायला लागतात, कारण प्रत्येक फाइल दोन सिस्टीमांच्या मधल्या पुलावरून जाते. प्रकल्प लिनक्सच्या बाजूच्या होम फोल्डरमध्येच हवा. मूळ मांडणीत डब्ल्यूएसएलला मशीनची निम्मी मेमरी मिळते, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४ जीबी, आणि त्यात दोन-चार कंटेनर आणि एक डेटाबेस उभा केला की दम लागतो. व्हीपीएन जोडलं की डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं, बंद पडतं. विंडोज ११ असेल तर .डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलीत नेटवर्क 'मिरर्ड' करून बहुधा सुटतं. हे सगळं सोसण्यासारखं आहे. पण आता मशीनचा मालक विंडोज आहे आणि लिनक्स तिथे भाडेकरू आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरा काठ मराठीचा आहे आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. सरकारी ऑफिसातून, शाळेतून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेली वर्डची फाइल लिनक्सवर उघडली की कित्येकदा इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. ती युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) आधीच्या फॉन्टात टाइप केलेली असते: श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव. या फॉन्टांनी देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलीत साठतात ती ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट असला तर मराठी दिसतं, नसला तर ती पाच अक्षरं. त्या मजकुरात शोध घेता येत नाही, नावांची यादी अकारविल्हे लावता येत नाही.

फॉन्टची टीटीएफ फाइल मिळाली तर ती होम फोल्डरमधल्या फॉन्टांच्या जागी ठेवून एफसी-कॅश ही फॉन्टांची यादी ताजी करणारी आज्ञा चालवावी. वाचण्यापुरतं काम होतं. दुरुस्ती करून परत पाठवायची वेळ आली की त्या फॉन्टाचा कीबोर्ड हवा, आणि तो विंडोजसाठी बनलेला. युनिकोडात बदलून घ्यावं म्हटलं तर तिथेही सांभाळावं लागतं. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार दिसतो तसा, अक्षराच्या आधी साठतो. युनिकोडात तो व्यंजनानंतर. 'स्थिती'सारख्या शब्दात त्या इकाराने संपूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे जायला हवं. रफार याच्या उलट, मागून पुढे यायला हवा. सुमार परिवर्तक इथे चुकतात, आणि चूक एखाद्याच्या आडनावात किंवा गट क्रमांकाशेजारच्या गावाच्या नावात झाली तर कागद परत येतो.

युनिकोडात टाइप केलेली फाइलसुद्धा पूर्ण सुखाची नसते. विंडोजवर ती मंगल फॉन्टात बनलेली असते. लिनक्सवर मंगल नसतो, म्हणून त्याच्या जागी नोटो किंवा लोहित हा फॉन्ट येतो. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाते. लिब्रेऑफिसच्या स्टाइलमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट असे दोन रकाने आहेत. एकाचा आकार १२ केला तरी दुसरा होता तिथेच राहतो, आणि 'मराठी मोठं होत नाही' अशी तक्रार येते. मजकुराची भाषा हिंदी लागलेली असेल, तर ज्या फॉन्टांत मराठीचे वेगळे आकार आहेत त्यांतही ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. यातलं प्रत्येक दुखणं मिनिटा-दोन मिनिटांचं आहे. पण समोरच्या माणसाला ते समजावत बसणं शक्य नसतं, तेव्हा प्रोग्रामर विंडोजवर जातो. आपल्याच भाषेतला कागद आपल्याला आवडीच्या सिस्टीमवरून हलवतो, ही गोष्ट मला टोकनपेक्षाही जास्त लागते.

सगळा दोष सरकारच्या आणि डीटीपीवाल्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. लॅपटॉपच्या झोपेचं उदाहरण घ्या. झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप दादरला उतरेपर्यंत तापलेला असतो आणि ऑफिसात उघडला की बॅटरी निम्मी. जुन्या लॅपटॉपांत एस३ नावाची गाढ झोप होती: मेमरी सोडून सगळ्यांचा वीजपुरवठा बंद. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आसपास बऱ्याच लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधून ती काढली गेली आणि नवी झोप आली, जिच्यात प्रोसेसर बंद होत नाही, नुसता पेंगतो. त्याला नीट पेंग यायची तर एसएसडी, वाय-फाय, सगळ्यांनी एकाच वेळी झोपायला हवं. एकाने डोळे उघडे ठेवले की रात्रभर वीज जाते. हा आजार विंडोजवरही आहे, पण तिथे लॅपटॉप बनवणाऱ्याने ड्रायव्हर तपासलेले असतात. लिनक्सवर /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचावी: तिच्यात 'डीप' असेल तर कर्नलला सुरू होतानाच 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' सांगता येतं. नुसतं 'एस२आयडल' असेल तर हा मार्ग बंद. हायबरनेट करावं (मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद करावं) तर डिस्कवर मेमरीएवढं स्वॅप, म्हणजे त्यासाठी राखलेली जागा, हवी, १६ जीबीला १६ जीबी, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर बहुतेक वितरणांचा कर्नल हायबरनेट करूच देत नाही. दिवसाचे तीन तास लोकलमध्ये काढणाऱ्या माणसाने या कारणासाठी मॅक घेतला, तर त्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. २०२० च्या एम१ पासून बॅटरी आणि झोप या दोन बाबतींत त्या लॅपटॉपांना तोड मिळालेली नाही. आयफोनसाठी अ‍ॅप बनवणाऱ्याला तर निवडच नाही. त्यासाठी लागणारं अ‍ॅपलचं एक्सकोड फक्त मॅकओएसवर चालतं. तिकडे गेलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की मॅकची फाइल सिस्टीम मूळ मांडणीत लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. इम्पोर्टमध्ये, म्हणजे कोडमध्ये दुसरी फाइल नावाने बोलावताना, मोठ्या अक्षराची चूक राहिली तर ती लॅपटॉपवर खपते आणि लिनक्स सर्व्हरवर बिल्ड कोसळतं.

ऑफिसच्या नियमांबद्दल थोडक्यात. बँका आणि ब्रोकरांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक मशीनवर पाळत ठेवणारा सुरक्षा एजंट, डिस्कचं एन्क्रिप्शन आणि अपडेटचा पुरावा दाखवावा लागतो. ही मागणी रास्त आहे. एन्क्रिप्शन लिनक्समध्ये लक्स या त्यातल्याच सोयीने चोख होतं. एजंट मात्र ठरावीक कर्नल आवृत्त्याच ओळखतात; अपडेटने कर्नल पुढे गेला की एजंट अर्धवट चालतो आणि लेखापरीक्षकाच्या तक्त्यात ते मशीन लाल दिसतं. सरसकट लिनक्स बंद करणं हा आयटी विभागाचा सोपा मार्ग असतो. एक एलटीएस (दीर्घकाळ पाठिंबा मिळणारी) आवृत्ती ठरवून कर्नलची अपडेट एजंटच्या पाठिंब्यापर्यंत रोखून धरणं हा योग्य मार्ग आहे, आणि त्याला फार कष्ट पडत नाहीत.

आता सार्वजनिक भागाकडे. भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण २०१० मध्ये आणलं. २०१५ च्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअर धोरणात तर अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या आणि ते वगळायचं असेल तर कारण द्या, असं म्हटलेलं आहे. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने बॉस नावाचं लिनक्स वितरण बनवलं. पवईत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही तयार केले. म्हणजे धोरण आहे, वितरण आहे, शिकवणीही आहे. उणीव आहे ती शेवटच्या पावलाची: पोर्टल उघडताना, सही करताना, कागद देताना ते धोरण हातात येत नाही. केरळने शाळांमधलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. आपल्याकडे एमएस-सीआयटीने लाखो हातांना संगणकाची सवय लावली, हे मोठं काम झालं, पण ती सवय विंडोज आणि त्यावरच्या ऑफिसची.

'लिनक्स वापरणारे असे कितीसे?' हा आक्षेप नेहमी येतो. सार्वजनिक सेवेला हा प्रश्न लागू पडत नाही असं माझं मत आहे. कर भरायची सक्ती सगळ्यांना आहे तर दार सगळ्यांना उघडं हवं. पण संख्येचा विचार करायचाच तर १४ ऑक्टोबर २०२५ ची तारीख आठवावी. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीची धडधाकट मशीनं शाळांत, दुकानांत, सीएंच्या ऑफिसांत आहेत. लॅमिंग्टन रोडवरून एक एसएसडी आणि थोडी मेमरी आणून त्यावर लिनक्स घातलं तर ती आणखी काही वर्षं सहज चालतील. अडेल ते मुख्यतः सहीपाशी. सुरक्षिततेचा आक्षेपही टिकत नाही, कारण किल्ली टोकनच्या आत असते, ऑपरेटिंग सिस्टीम कुठलीही असो. आणि टोकनशिवाय चालणारं, आधारवरचं ई-साइन २०१५ पासून कायद्यात बसलेलं आहे. ते ब्राउझरमध्ये ओटीपीवर होतं, त्याला विंडोज-लिनक्स काही कळत नाही.

मागणी म्हणून लागतं ते फार थोडं आहे. डिजिटल सही देणाऱ्या परवानाधारक संस्थांनी टोकनबरोबर चालू एलटीएस आवृत्त्यांवर तपासलेली लिनक्सची लायब्ररी द्यावी आणि कर्नल-ओपनएसएसएल बदलले की ती बदलावी. सरकारी कागद युनिकोडात आणि ओडीएफ (कागदपत्रांचं खुलं स्वरूप) किंवा पीडीएफमध्ये निघावेत. कृतिदेवमधली फाइल ऑफिसने स्वीकारूही नये आणि देऊही नये. पोर्टल बांधण्याच्या निविदेत एक कलम असावं, की सहीचा मदतनीस उबुंटूच्या एलटीएसवर आणि डेबियनवर स्वीकृती चाचणीत चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. आणि मदतनीसाने चूक सांगताना तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात: सेवा चालू नाही, टोकन दिसत नाही, प्रमाणपत्रावर विश्वास नाही. आज तिन्हींना 'घटक सापडला नाही' हे एकच उत्तर मिळतं. यातली तिसरी चूक तर इन्स्टॉलरनेच मिटवायला हवी. विंडोजवर तो न विचारता प्रमाणपत्र यादीत घालतो. लिनक्सवर त्याच कामासाठी त्याला सर्टयूटिलची एक ओळ वापरकर्त्याच्या खात्यात चालवायची आहे.